आईच्या आवाजाची सीडी

आमच्या नाहूरच्या घरी पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला जिन्यातच आईचा आवाज ऐकू यायचा आणि तो दारात थबकायचा. घरात काहीतरी कार्यक्रम चाललाय, आपण चुकीच्या वेळी आलो, असं त्याला वाटायचं. कार्यक्रम काही नसायचा. आई दादाला वाचून दाखवत असायची. माझा मोठा भाऊ मिलिंद पाचवीत असताना फळा धुरकट दिसतो म्हणाला आणि दहावीला बसेपर्यंत त्याला दिसायचं पूर्ण बंद झालं. ब्रेल तो शिकला, पण कॉलेजची पुस्तकं ब्रेलमध्ये मिळणार कुठून? मग आईने वाचायला घेतलं ते दादाच्या एम.ए.पर्यंत वाचतच राहिली. ती जालन्याकडची, मॅट्रिक झालेली. लहानपणी गावच्या विहारात म्हाताऱ्याकोताऱ्यांना रोजचं वर्तमानपत्र वाचून दाखवायचं काम तिच्याकडे असायचं, त्यामुळे मोठ्याने वाचायची तिला लाज नव्हती आणि दमही भरपूर होता. सकाळची वंदना झाली, पप्पा डबा घेऊन टेलिफोन खात्याच्या ड्युटीवर गेले, की ती पदर खोचून पुस्तक उघडायची. कणीक मळताना पुस्तक पाट्याला टेकवलेलं असायचं आणि पान उलटायला मला हाक यायची. राज्यशास्त्राच्या पुस्तकांच्या कडांना त्यामुळे पिठाची बोटं असायची, आणि एका घटनेच्या पुस्तकात तर ठेच्याचा हिरवा डाग होता.

ती काहीही गाळत नसे. कंस सुरू, कंस पूर्ण, तळटीप एक, तळटीप दोन, सगळं वाचायची. ‘आकृती पाहा’ असं आलं की तेही त्याच सुरात वाचायची. दादा गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, “पाहिली.” आई म्हणायची, “बरं, पुढं चला.” हा विनोद त्या दोघांनी कितीदा केला असेल, पण दर वेळी दोघंही हसायचे. दुपारी कारखान्याचा भोंगा झाला की वाचन थांबायचं, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, असेल तर वाटीभर मठ्ठा, आणि जेवताना आई वाचलेल्या प्रकरणावरून दादाशी हुज्जत घालायची. “ह्या तुझ्या इंग्रजाला कळत न्हाई काही. माणसं आधी भांडायची आणि मग राजा आणला म्हणे! आमच्या गावात पाटील आला तेव्हापासून भांडणं सुरू झाली.” दादा जेवण सोडून टाळी वाजवायचा. पुढे त्याने परीक्षेत हे वाक्य थोडं सभ्य करून लिहिलंसुद्धा.

घरात कॉम्प्युटर आला तो दादासाठी. वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर असतं असं पप्पांना ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं. ते सॉफ्टवेअर इंग्रजी वाचायचं, तेही आमच्या कुणाला समजणार नाही अशा उच्चारात, आणि मराठी दिसली की गप्प बसायचं. पण कॉम्प्युटर हॉलमध्ये राहिला. आईने त्याला क्रोशाचं झाकण विणलं. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि त्या डब्यावर सगळ्यांत आधी हात बसला तो माझा. दादाचे मात्र कान बसले. सीडी आत सरकवली की तो मान तिरकी करायचा. गाण्याची सीडी शांतपणे, एका लयीत फिरायची. फाइलींची सीडी घातली की ड्राइव्ह एकदम वेग घ्यायचा, टेबल हलायचं. मामाच्या लग्नाची व्हीसीडी यांच्या मधलं काहीतरी करायची. आणि जी सीडी ड्राइव्हला वाचताच यायची नाही, तिच्यावर आतून टक-टक व्हायचं, थांबायचं, पुन्हा टक-टक. “काढ, काढ,” दादा म्हणायचा, “त्याच्या घशात अडकलीय.”

बाहेरून सगळ्या सीड्या सारख्याच, चकचकीत, मधे भोक. आत लिहिण्याच्या रीती मात्र किती वेगळ्या, हे मी पप्पांमुळे शिकले. एकदा त्यांनी आपल्या आवडत्या गीतांची सीडी कॉम्प्युटरवर उघडली, तिच्यातल्या फाइली एका फ्लॉपीवर घेतल्या आणि घरभर सांगत सुटले, “अख्खी सीडी मावली फ्लॉपीत! वर जागा उरली!” दुसऱ्या दिवशी ऑफिसात मित्रांसमोर फ्लॉपी लावली तर चूं नाही की चां नाही. गाण्याच्या सीडीवर फाइली नसतातच. कॉम्प्युटर आपल्या सोयीसाठी नुसत्या नावाच्या चिठ्ठ्या दाखवतो, गाणं तिथेच सीडीवर राहतं. पप्पा चिठ्ठ्या घेऊन गेले होते. मला हे कळलं तेव्हा इतका आनंद झाला की मी वहीत लिहिणं सोडून धावत जाऊन त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे वाट लागली माझी, आणि तू हसतेस!” पण पुढच्या पगाराला जुना ड्राइव्ह काढून त्यांनी सीडी लिहिणाराही ड्राइव्ह बसवून घेतला. हे आठवलं की वाटतं, मुलीच्या डोक्यात काय चाललंय हे बापाने फार न बोलता ओळखलं होतं.

आज माझ्या लॅपटॉपला सीडीची खाच नाही. कुणाच्याच नाही. पवईतल्या ज्या ऑफिसात मी काम करते तिथे लोक जुन्या सीड्या, फ्लॉप्या, कॅसेट घेऊन येतात आणि आम्ही त्यांतलं काढून देतो. नवीन लागलेली मुलं विचारतात, मॅडम, तुम्ही या लाइनला कशा आलात? मी काहीतरी थोडक्यात सांगते. खरं उत्तर हे पुढचं आहे.

दादा एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता तेव्हा आईचा आवाज बसायला लागला. आधी आम्ही हळद-दूध, ज्येष्ठमध, गुळण्या, सगळं केलं. मग ती वाचताना मधेच थांबायची, घसा खाकरायची, आणि एक दिवस ‘लोकशाही’ म्हणताना तिच्या तोंडून नुसती हवा आली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पाहिलं आणि स्वरयंत्रावर गाठी आहेत म्हणाल्या. ऑपरेशन करावं लागेल. त्यानंतर काही आठवडे एक अक्षरही बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही. आवाज परत येईल, पण कसा येईल हे आत्ता सांगता येणार नाही. बाहेर बाकावर आल्यावर आईने पहिला प्रश्न विचारला तो दादाच्या परीक्षेचा. ऑपरेशन आणि परीक्षा यांच्यात फार दिवस नव्हते.

“अजून सगळं पाश्चात्त्य राजकीय विचार राहिलंय,” ती म्हणाली. “तेवढं मी वाचून ठेवते. प्रज्ञा कॉम्प्युटरात भरंल.”

“अजिबात नाही,” दादा म्हणाला. “डॉक्टर काय म्हणाल्या ऐकलंस ना? तू आजपासून गप्प. प्रज्ञा वाचेल.”

“तिला सार्वभौमत्व म्हणता येतं का विचार आधी.”

मला येत नव्हतं. शेवटी डॉक्टरीणबाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, रोज थोडं, सावकाश, खालच्या सुरात, मधे पाणी, आणि दुखलं की बंद. तसं आम्ही केलं. दुपारी पंखा बंद करायचा, खिडकी लावायची, कुकर लावायचा नाही, खालच्या मजल्यावरच्या साळवीकाकूंना मिक्सर नको म्हणून सांगून यायचं. आई माइकसमोर मांडी घालून बसायची. घामाने तिची मान चमकायची. एक प्रकरण पुरं झालं की मी ते सीडीवर लिहायची आणि कॉम्प्युटरमधून पुसून टाकायची, कारण त्याच्या पोटात जागाच नव्हती. सीडीवर एकदा लिहिलेलं पुसता येत नाही, पण सीडी ‘बंद’ केली नाही तर तिच्यावर पुढे आणखी लिहिता येतं. प्रत्येक लिहिण्याला सेशन म्हणतात. नवं सेशन लिहिताना आधीच्यांची यादी सोबत घ्यावी लागते. मी ती घ्यायची. असं करत आईने अख्खं पुस्तक त्या एका सीडीवर वाचून ठेवलं, कंसांसकट, तळटीपांसकट. शेवटचं प्रकरण रेकॉर्ड झालं त्याच दिवशी तिला दवाखान्यात दाखल करायचं होतं. मी तिच्यासोबत जाणार होते, म्हणून ते तेवढं सीडीवर लिहायचं काम साळवीकाकांनी आपणहून अंगावर घेतलं. बँकेत कॉम्प्युटरवर बसणारा, कुणाच्याही हाकेला धावणारा माणूस. “तू जा गो बिनधास्त,” ते म्हणाले. “मी करतंय.”

ऑपरेशन नीट झालं. आई घरी आली आणि घर मुकं झालं. मला आधी वाटलं होतं, त्यात काय एवढं, खुणा करेल, पाटीवर लिहील. आमच्याशी ती तसंच बोलायची. पण दादाला खुणा दिसत नव्हत्या आणि पाटी वाचता येत नव्हती. आई त्याच्यासमोर उभी असायची आणि त्याच्या लेखी खोलीत कुणी नसायचं. पहिल्या दिवशी तिने ताट पुढे ठेवलं, तो म्हणाला, “कोण? प्रज्ञा?” आई तशीच उभी. मग तिने त्याच्या हाताच्या पाठीवर बोट टेकवलं. तो म्हणाला, “आई, तू आहेस होय.” मी स्वयंपाकघरात गेले आणि पिठलं ढवळत बसले, ढवळायची गरज नव्हती तरी. त्या दोघांनी हळूहळू तळहातावर टकटक करण्याची एक भाषा बसवली, जेवायला ये, पाणी हवं का, इतपत. हुज्जत घालता येण्याइतकी ती भाषा मोठी नव्हती.

आई घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी दादाने सीडी लावायला सांगितली. मी उघडली तर आत एकच फाइल. शेवटचं प्रकरण. बाकी काहीच नाही. मी सीडी काढून पुसून परत घातली. एकच फाइल. साळवीकाका धावत वर आले. त्यांनी लिहिताना जुनं पुढे चालू ठेवण्याऐवजी ‘नवीन’ या बटणावर दाबलं होतं. बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं आणि विचारायला मी घरात नव्हते. त्यांचा चेहरा इतका पडला की आईने उठून त्यांना चहा दिला आणि हातानेच ‘असू दे’ केलं. संध्याकाळी पप्पा कामावरून आले, ऐकलं, आणि बराच वेळ बूटही न काढता बसले. मग मला बाल्कनीत बोलावून हळू म्हणाले, “परीक्षेचं बघू काहीतरी. पण तिचा तो आवाज तेवढाच होता गं. उद्या दुसराच आला तर?” हे आमच्यापैकी प्रत्येकाच्या मनात होतं, बोलले ते एकटे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती सीडी हातात घेऊन खिडकीपाशी बसले होते, करण्यासारखं काही नव्हतं म्हणून. ऊन तिरपं पडलं आणि मला सीडीच्या पाठीवर एकात एक गोल कडी दिसली. मधल्या भोकापासून बाहेरपर्यंत जवळजवळ सगळा भाग थोडा गडद होता, झाडाच्या बुंध्यासारखी त्यात वर्तुळं होती, आणि अगदी कडेला अरुंद पट्टी तेवढी कोरी. एका प्रकरणाने एवढी जागा व्यापणं शक्यच नव्हतं. जे लिहिलं होतं ते सगळं तिथेच होतं. ड्राइव्हला ते दिसत नव्हतं एवढंच. मी इतक्या जोरात “दादा!” म्हणून ओरडले की आईच्या हातातला लसूण सांडला.

मुलुंडच्या ज्या कॉम्प्युटर क्लासला मी जात होते तिथल्या सरांकडे सीडी घेऊन गेले. त्यांनी घातली, पाहिली आणि म्हणाले, “गेलं सगळं. नवीन सीडी घे, परत रेकॉर्ड कर.”

“परत नाही होणार, सर. आणि गेलेलं नाहीये. हे बघा ना, उजेडात धरा.”

त्यांनी धरली. “लिहिलेलं आहे खरं,” ते म्हणाले. “पण दिसत नाही म्हटल्यावर काय करणार? ड्राइव्ह शेवटचं सेशनच वाचतो.”

“मग त्याला आधीचं वाचायला कसं सांगायचं?”

“ते मला नाही माहीत बुवा,” सर सरळ म्हणाले, आणि सीडी लिहिण्याच्या सॉफ्टवेअरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक कपाटातून काढून माझ्या हातात दिलं. “यात असेल तर बघ. मी काही वाचलेलं नाही.”

दुपारी मी दादासमोर बसले आणि ते पुस्तक मोठ्याने वाचायला लागले. माझं इंग्रजी अडखळतं, त्याचं चांगलं. मी वाचायची, तो अर्थ लावायचा. आई शेजारी मटकी निवडत ऐकत होती. कुठे घाईने वाक्य गिळलं की ती माझ्या गुडघ्यावर चापट मारायची, म्हणजे परत वाच. किती पानं गेली कोण जाणे, गाण्याच्या सीड्या झाल्या, व्हिडिओच्या झाल्या, मग सेशनचं प्रकरण आलं. एका लांबलचक वाक्यावर दादाने हात वर केला.

“थांब. हे परत.”

मी परत वाचलं.

“अगं, सोपं आहे. विधानसभेचं नवं अधिवेशन भरलं म्हणून आधीच्या अधिवेशनाचं कामकाज कुणी जाळून टाकत नाही. फक्त आता जे चालू आहे तेच सभागृहात दिसतं. आधीचं दफ्तरात असतं. मागावं लागतं. कसं मागायचं ते पुढे लिहिलं असेल, वाच.”

लिहिलं होतं. माऊसचं उजवं बटण दाबायचं, ड्राइव्हची माहिती उघडायची, तिथे एक खिडकी होती जिच्याकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं. मी ती उघडली आणि सगळी सेशनं एकाखाली एक उभी राहिली. शेवटचं निवडलेलं होतं. मी त्याच्या आधीच्यावर टिचकी मारली. ड्राइव्हने वेग घेतला, टेबल हललं. दादाने मान तिरकी केली आणि माझ्याआधी तोच म्हणाला, “वाचतोय गं! नीट वाचतोय!” पडद्यावर प्रकरणांची रांग लागली. मी पहिल्या फाइलवर दाबलं आणि हॉलमध्ये आई बोलायला लागली. “प्रकरण पहिलं. प्रास्ताविक.”

मटकी निवडणारी आई जागच्या जागी थिजली. तिने स्वतःचा आवाज असा, बाहेरून, याआधी कधी ऐकला नव्हता. रेकॉर्ड करताना परत ऐकायला आम्हाला वेळच नसायचा. दादा हाताने चाचपडत तिच्याजवळ सरकला आणि तिच्या खांद्याला खांदा लावून बसला. स्पीकरमधली आई घसा खाकरली, पाणी प्यायली, पुढे वाचायला लागली. शेजारची आई गालावरून हात फिरवत राहिली. पप्पा आले तेव्हा दारातच उभे राहिले. क्षणभर त्यांना वाटलं, डॉक्टरांचं न ऐकता ती बोलायला लागली. त्यांनी रागवायला तोंड उघडलं आणि मग त्यांना ती दिसली, तोंड मिटून बसलेली. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि आमच्यात फरशीवर येऊन बसले. माझ्या डोक्यावर हात ठेवून नुसते ऐकत राहिले, एक प्रकरण संपून दुसरं सुरू होईपर्यंत.

मी तेव्हा आपल्या मनाशी जे ठरवलं ते आजवर बदलावं लागलेलं नाही. यंत्र ‘नाही’ म्हणालं म्हणजे नाही असं नसतं. आपण विचारलं काय हे आधी बघायचं. ऑफिसात कुणी डोळ्यांत पाणी आणून सीडी पुढे करतं, तेव्हा मी पहिल्यांदा ती उजेडात धरते. सगळ्याच वाचत नाहीत. बुरशी लागलेल्या असतात, ओरखडलेल्या असतात, तसं मी स्पष्ट सांगते. पण उजेडात धरल्याशिवाय सांगत नाही.

परीक्षेपर्यंत ती सीडी आमच्या घरात दिवसभर चालली. पहिले काही दिवस आई हरखून ऐकायची. नंतर तिच्या कपाळावर आठ्या दिसायला लागल्या. काम करता करता ती थांबायची, स्पीकरकडे रोखून पाहायची, मान हलवायची. मला वाटलं, तिला भीती वाटतेय की हा आवाज पुन्हा येणार नाही. पप्पांनाही तसंच वाटलं. ते तिच्या पाठीवरून हात फिरवायचे आणि ती तो झटकून टाकायची. दादा लेखनिक सोबत घेऊन पेपर देऊन आला, पाश्चात्त्य विचाराचा पेपर झकास गेला म्हणाला, आणि पुढे निकालही तसाच लागला. पेपर झाला त्याच दुपारी आम्ही आईला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी नळी घालून पाहिलं, समाधानाने हसल्या आणि म्हणाल्या, “बोला आता. हळू बोला, पण बोला.”

आम्ही तिघं तिच्याभोवती उभे होतो. दादाने तिचा हात धरला होता. पप्पांनी तर डोळे मिटून घेतले. आईने तोंड उघडलं, आणि खोल, थोडा घोगरा, आम्ही कधीच न ऐकलेला एक आवाज म्हणाला, “तिसऱ्या प्रकरणात एक तळटीप सुटलीय माझ्याकडून. घरी चला, ती भरून टाकू.”

“आई, पेपर झाला ना माझा,” दादा हसत, रडत म्हणाला.

“तुझा झाला. मागनं येणाऱ्या पोरांचं काय?”

घरी येऊन तिने चप्पल काढली, पंखा बंद केला, खिडकी लावली आणि माइकसमोर मांडी घातली. सीडीच्या कडेची ती कोरी पट्टी अजून शिल्लक होती. या खेपेला मी आधीचं सगळं सोबत घेतलं.